गाळलेली पोथी

ते पुस्तक पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हाच मला त्याचा संशय आला. त्याला मुखपृष्ठ नव्हतं. महाडच्या वाचनालयानं कधीकाळी त्याचे तिन्ही भाग एकात शिवून वर लाल कापडाची बांधणी केली होती, आणि त्या गडबडीत लेखकाच्या नावाचं पान कुठं गेलं ते त्या बाइंडरलाच ठाऊक. आत नुसतं 'रूपांतर' असं छापलेलं. कशाचं रूपांतर, कुणी केलं, पत्ता नाही. साडेआठशे पानं, उशाला घेतलं तर मान अवघडेल एवढं जाड, आणि आईबापाचं नाव नाही! सुरुवातीलाच एका देशाचा नकाशा होता. त्यात डोंगर होते, नद्या होत्या, पण उत्तर दाखवणारा बाण नव्हता की प्रमाण नव्हतं. मी नुकतीच डी.एड. होऊन प्राथमिक शाळेवर लागलेली. चौथीच्या पोरांनी असा नकाशा काढला असता तर मी वही परत फेकली असती.

"हे कशाबद्दल आहे?" मी ग्रंथपालांना विचारलं.

"अद्भुत आहे," ते म्हणाले. "न्या, न्या. तुम्ही वर डोंगरात राहणार. संध्याकाळी तिथं करणार काय? हे उन्हाळ्यापर्यंत पुरेल."

कुणी मागत नाही ते माझ्या गळ्यात मारतायत, हे मला कळत होतं. पण दिवाळीची सुटी संपत आली होती आणि कपाटातलं बाकीचं बरंचसं मी वाचून टाकलेलं. घेतलं.

आमच्या घरात अद्भुत म्हटलं की भुवया चढायच्या. वडील कचेरीत कारकून. घरातले देव त्यांनी माझ्या जन्माआधीच सावित्री नदीत सोडले होते, आणि त्यानंतर कशावरही सहजासहजी विश्वास ठेवायचा नाही हाच आमचा कुळाचार झाला. रोज संध्याकाळी ते माझ्याकडून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून घ्यायचे आणि दर तिसऱ्या वाक्याला विचारायचे, "कशावरून?" मंत्री म्हणतात रस्ता होणार. कशावरून? अमक्या औषधानं केस उगवतात. कशावरून? मला मनातल्या मनात वाचायची सवय लागली नाही ती त्यामुळंच. वाचायचं म्हणजे मोठ्यानं, आणि वाचता वाचता भांडायचं.

पुस्तकाचा लाल पुठ्ठा बघून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "पोथीबिथी नाही ना?"

"कादंबरी आहे, बाबा."

"मग पहिल्याच ओळीत नदीचा आवाज चोरीला गेला, असं काय लिहिलंय? आवाज कसा चोरणार? पोत्यात भरून?"

मलाही तेच वाटत होतं. तरी पुस्तक पिशवीत टाकलं.

माझी शाळा पोलादपूरच्या वर, कुडपणच्या अंगाला, एका वाडीत होती. एकच खोली, एकच शिक्षिका. एसटी पोलादपूरला सोडायची, पुढं दोन तास चढ. राहायला मला एका घराची पडवी मिळाली. घरात दोघीच, एक म्हातारी आणि तिची सून. म्हातारीचा मुलगा मुंबईला गिरणीत. सून माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असेल, मूलबाळ नव्हतं. मी तिला वैनी म्हणायची, ती मला बाई.

आम्ही बौद्ध, आणि त्यात महाडचे. पाणी कोण कशातून देतं इकडं आमची नजर आधी जाते. मला तिथं एक पितळी पेला ठेवलेला होता. तो घरातलं दुसरं कोणी वापरतं का, हे बघण्यात मी पहिले तीन आठवडे घालवले. कोणी वापरत नव्हतं. आता हे मास्तरणीचा मान म्हणून, की दुसऱ्या कशासाठी? विचारायची सोय नव्हती. आडनाव ऐकून लोक पुढचा प्रश्न विचारतात तो इथं कोणी विचारला नव्हता, आणि न विचारणाऱ्यांचा मला जास्तच संशय यायचा.

दिवाळीनंतर मी ते पुस्तक काढलं. शाळा सुटली की हात धुवायचे, कारण वाचनालयाच्या पुस्तकाला डाग पडला तर बोलणी खावी लागायची. खाली घडी घातलेलं फडकं, त्यावर पुस्तक, आणि उजेड असेपर्यंत वाचन. गोष्ट अशी होती की एका देशातल्या नदीचा आवाज कोणीतरी चोरून नेतं, आणि आवाज गेल्यावर पाणीही आटत जातं. मग एक नावाडी बायकोला घाटावर ठेवून तो आवाज शोधायला निघतो. बोलणारी झाडं काय, बारा सावल्यांची राणी काय! मी चिडत चिडत वाचत होते. "हे काय, काल तर राणी आंधळी होती, आज हिला दिसायला लागलं?" असं पुस्तकालाच विचारत होते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बघते तर वैनी पडवीच्या उंबऱ्याशी येऊन बसलेली. हातात निवडायचं सूप. तांदूळ निवडून झाले तरी बसलेली. दुसऱ्या दिवशी परत. मी मनात म्हटलं, आली हेरगिरी करायला. सासूनं पाठवली असणार, बघ गो ती काय वाचते, कुठल्या देवाचं वाचते. मी तिच्याकडं पाठ करून वाचायला लागले. तर ती म्हणाली, "बाई, भिंतीकडं त्वांड केल्यावर ऐकू येत नाय."

मग आवाज चोरीला गेल्याच्या भागावर मी पुन्हा एकदा करवादले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आमचा व्हाळबी शिमग्यानंतर असाच मुका व्हतो. कोनतरी नेतच असंल की."

महिनाभरानं एका संध्याकाळी ती उंबऱ्याशी आलीच नाही. लांब अंगणात, गोठ्याच्या कुडाला टेकून बसली.

"वैनी, तिकडं का? या ना इथं."

"नको," ती खाली बघत म्हणाली. "भायेरचं मानूस पोथीजवळ नको."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे निघालंच शेवटी! माझी पडवी, माझं पुस्तक, आणि बाहेरचं माणूस मीच! मी पुस्तक मिटलं आणि उभी राहिले. "बाहेरचं कोण? मी का? स्पष्ट बोला."

तिनं पदर तोंडाला लावला. हसत होती ती. "तुम्ही कशा? मी. चार दिस."

मला कळायला जरा वेळ लागला. आमच्या घरात ते चार दिवस पाळणं आईनं कधीच बंद केलेलं, त्यामुळं तो शब्द त्या अर्थानं कानाला नव्हता. आणि मग दुसरा शब्द डोक्यात शिरला. पोथी. लाल कापड, हात धुणं, खाली फडकं, रोजची ठरलेली वेळ, मोठ्यानं वाचणं. महिनाभर ही बाई माझ्याकडं पारायणाला बसत होती!

"अहो वैनी, ही पोथी नाही. कादंबरी आहे. कोणीतरी मनानं रचलेली गोष्ट. खोटी."

"पोथीबी कोनीतरी रचलेलीच असंल ना?"

आता या बाईपुढं वडिलांना आणून बसवायला हवं होतं. मी पुन्हा पुन्हा सांगितलं, यात देव नाही, फळ नाही, पुण्य नाही. ती मान डोलवत राहिली. शेवटी म्हणाली, "असंल तुमच्या मतानं. मी मनात धरलंय ते धरलंय. धा म्हैने झाले, त्याचा सांगावा नाय. गनपतीलाबी आला नाय. पोथी पुरी व्हायच्या आत त्याचा काय तरी सांगावा येल."

तिच्या नवऱ्याची गोष्ट ती पहिल्यांदाच काढत होती. त्या दिवशी मी जरा मोठ्यानं वाचलं, गोठ्यापर्यंत जावं म्हणून.

पुस्तक निम्म्यावर आलं आणि खरंच पत्र आलं. पोस्टमन आठवड्यातून एकदा वर यायचा. निळं अंतर्देशीय पत्र घेऊन वैनी शाळेतच धावत आली, पण शाळेत उघडू दिलं नाही. "घरी. आईसमोर." वाडीतली सगळी पत्रं मीच वाचायची. म्हातारी पडवीच्या दारात काठी टेकून उभी राहिली, वैनी माझ्यासमोर मांडी घालून बसली, आणि मी पत्र फोडलं.

सुरुवात नेहमीची. आईस शिरसाष्टांग, सर्व खुशाल. आणि मग लगेच खाली लिहिलेलं, मी आता गाववाल्यांच्या खोलीवर राहत नाही, दुसरीकडं संसार मांडला आहे, ती बाई चांगली आहे. तू माझी वाट बघू नको. तुला माहेरी जायचं तर जा, मी काही म्हणणार नाही.

माझ्या डोळ्यांनी ते सगळं एका दमात वाचलं आणि जीभ थांबली. दोघी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. म्हातारीचं मला काही खरं वाटत नव्हतं. पोराची बाजू घेईल, सुनेला उद्याच शिवथरच्या खोऱ्यात माहेरी धाडेल. घरात रडारड होईल, आणि त्यात माझी पडवी जाईल. होय, तेही मनात आलं. खोटं कशाला सांगू?

मी वाचलं, "कामाचा फार व्याप आहे. म्हणून पत्र टाकायला जमलं नाही. आईची काळजी घ्यावी. शिमग्याला जमल्यास येईन."

वैनीनं पत्र माझ्या हातून घेतलं आणि कपाळाला लावलं. मग ते लाल पुस्तक होतं तिकडं वळून हात जोडले. म्हातारी बाहेर जाऊन सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आला गो सांगावा!" मला संध्याकाळी गुळाचा खडा मिळाला.

त्या दिवसापासून माझी झोप गेली. मी सगळ्या जगाचा संशय घ्यायची, आणि आता सगळ्या वाडीत संशय घ्यावा अशी एकच बाई होती. मुंबईहून कोणी गाववाला आला की मी वाट बदलून जायची. हा बोलणार. याला ठाऊक असणार. पोस्टमन माझ्याकडं बघून हसला तरी वाटायचं, यानं पत्र आधीच फोडून वाचलंय. इकडं वैनीनं घराची पुढची भिंत नव्यानं सारवली. शिमग्याला दिवस किती, हे ती मला रोज विचारायची. आणि एकदा विचारलं, "बाई, पोथी शिमग्याच्या आत पुरी व्हईल ना?"

वाईट म्हणजे त्याच दिवसांत ते पुस्तक मला आवडायला लागलं. कधी, ते कळलंच नाही. नकाशाला प्रमाण नाही हे मी विसरून गेले. पोरांना पाढे लिहायला बसवून टेबलाखाली पुढची पानं चोरून वाचायला लागले. नावाडी बर्फाच्या खिंडीत अडकला तेव्हा इथं दुपारच्या उन्हात मला हुडहुडी भरली. बाबांनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, झालं, पोरगी वाया गेली.

आणि अशाच एका दुपारी, तिसऱ्या भागाच्या मध्यावर, नावाडी मेला.

माझा विश्वासच बसेना. सातशे पानं ज्याच्यामागं फिरले तो माणूस परक्या देशात, एका विहिरीच्या काठावर मरतो आणि त्याच्या घरी निरोपसुद्धा जात नाही? नदीचा आवाज पुढं दुसराच कोणी घेऊन येतो. बायको घाटावर उभीच. मी भर वर्गात रडले. पोरं पाढे सोडून बघत बसली. पण रडता रडता मला घाम फुटला तो वेगळ्याच कारणानं. हे आज संध्याकाळी वैनीला वाचून कसं दाखवायचं?

मी ठरवलं, गाळायचं. एकदा केलं होतं, दुसऱ्यांदा काय जड होतं? ती वीस-पंचवीस पानं एका चिमटीत उलटायची आणि मधे चार वाक्यं आपली घालायची.

संध्याकाळी तसंच केलं. विहिरीपाशी आल्यावर मी न अडखळता रचलं, "नावाडी विहिरीचे पाणी प्याला, त्यास बरे वाटले. त्याने एका पक्ष्यापाशी पत्नीस निरोप दिला की, काम मोठे आहे, परंतु जमल्यास पावसाआधी परत येईन." आणि पुढच्या प्रकरणाला सुरुवात केली.

"थांबा," वैनी म्हणाली.

मी थांबले.

"आज पानं मूठभर उलटलीत तुम्ही."

"चिकटली होती."

"मग सोडवा. गाळलेली पोथी लागू व्हत नाय." तिचा आवाज चढलेला नव्हता. "अन् नावाडी आज तुमच्यावानी बोलला."

"म्हणजे?"

"जमल्यास." तो शब्द ती सावकाश, अनोळखी भांडं हातात फिरवून बघावं तशी म्हणाली. "येवढे म्हैने ऐकतेय, नावाड्यानं कधी जमल्यास म्हटलं नाय. आधी वाचा काय हाय ते."

मी मागची पानं उलटली आणि वाचलं. विहीर, ताप, परकी माणसं, मरण. शेवटच्या ओळींना माझाच आवाज फुटला. ती रडली नाही. सूप बाजूला ठेवून ऐकत राहिली, आणि झाल्यावर एवढंच म्हणाली, "त्याच्या बायकोला पाय नव्हते काय? बघायला जायचं व्हतं."

मला वाटलं, सुटले. मी पुस्तक मिटायला लागले.

"आमच्या घरवाल्यानंबी कधी जमल्यास म्हटलं नाय," ती म्हणाली. "येतो म्हंजे येतो, नाय म्हंजे नाय. त्या दिशी मला वाटलं, शेरात राहून शिकला असंल."

ती उठून आत गेली. मी तिथंच बसून राहिले. पळून जावंसं वाटत होतं, पण दोन तासांची उतरण आणि दिवस कललेला. ती निळं पत्र घेऊन आली, उंबरा ओलांडून माझ्या अगदी समोर बसली आणि ते पुस्तकाच्या लाल पुठ्ठ्यावर ठेवलं.

"वाचा. गाळू नका."

म्हातारी आत चुलीपाशी होती. मी हळू आवाजात वाचलं, सगळं. दुसरा संसार, चांगली बाई, वाट बघू नको, माहेरी जायचं तर जा. कागदावर चारच ओळी होत्या, पण संपता संपेनात.

"शिमग्याला येतो, ते कुठं लिवलंय?"

"नाही लिहिलेलं."

"मग ते कोनाचं?"

"माझं," मी म्हणाले. मग घाईघाईनं सांगायला लागले, की तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून, आई दारात उभ्या होत्या म्हणून, तुम्हाला घराबाहेर काढतील असं वाटलं म्हणून. ती ऐकून घेत होती. माझं बोलणं आपोआप संपलं.

"पोथी खोटी हाय, खोटी हाय म्हनून जीव काढलात," ती म्हणाली. "अन् पत्र खरं म्हनून वाचलंत."

मी माफी मागितली. पाया पडायला वाकले तर तिनं पाय मागं घेतले. म्हणाली, "शिमग्याला येल म्हनून भित सारवली मी." आणि पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

म्हातारीला तिनं स्वतःच सांगितलं, त्याच रात्री जेवताना, माझं नाव न घेता. भिंतीआड मला ऐकू येत होतं. म्हातारी मुलाची बाजू घेईल असं मी धरून चालले होते. म्हातारीनं मुलाला अशा काही शिव्या घातल्या, की शेजारच्या घरातून विचारायला माणसं आली. माहेरी जायचं नाव कोणी काढलं नाही. जमीन तिघींना पुरेल, असं म्हातारी म्हणाली. तिसरी कोण, ते मला कळलं नाही. बहुतेक गाय असावी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वैनी सूप घेऊन उंबऱ्याशी येऊन बसली. मला वाटलं नव्हतं. "अर्धी ठेवू नये," एवढंच बोलली. शिमग्याच्या चार दिवस आधी पुस्तक संपलं. शेवटचं पान वाचलं तेव्हा तिनं पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि मला जेवायला घातलं. माझ्याशी ती कधी वाईट वागली नाही. पुस्तक परत करताना मी ग्रंथपालांना पुठ्ठ्यावरच्या पिवळ्या डागाबद्दल काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

चैत्राच्या शेवटी तिला आणखी एक पत्र आलं. मी पडवीतच होते, वार्षिक परीक्षेचे पेपर मांडीवर घेऊन. पोस्टमननं सवयीनं पत्र माझ्यापुढं धरलं. तिनं ते त्याच्या हातून घेतलं, कमरेला खोचलं, पायात चपला सरकवल्या आणि म्हातारीला सांगून ते वाचून घ्यायला भर उन्हात पोलादपूरला उतरून गेली.